शेतकाम, रानातलं काम आणि जंगल भटकंतीसाठी हातमोजे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच चांगली जोडी घेतली तर सगळ्या कामांना चालेल का?

नाही. बाभळीचा काटा अडवायला जाड कातडं लागतं, तेच कातडं फवारणीचं औषध स्पंजासारखं पिऊन घेतं. औषध अडवणारा रबरी मोजा चुलीजवळ वितळतो. कापूस वेचायला बोटांची टोकं मोकळी हवीत, तर तारेच्या कुंपणाला मनगटापासून वर चार इंच हात झाकलेला हवा. त्यामुळे महाग मोजा कोणता हे विचारण्याआधी आज हाताला नक्की काय लागणार आहे ते बघा: काटा, धार, घर्षण, विष की आग.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी दोन जोड्या घ्याव्यात. एक कातडी आणि एक लांब नायट्राइलची (हे तेला-औषधाला टिकणारं कृत्रिम रबर). बाकीच्या नंतर.

दुकानात कोणकोणते प्रकार मिळतात?

तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात आणि कृषी केंद्रात साधारण हे मिळतात.

ठिपक्यांचे विणलेले सुती मोजे. तळहातावर पीव्हीसीचे ठिपके असतात. पोती उचलणं, सोयाबीनचे ढीग लावणं, तुराट्या वाहणं यासाठी ठीक. काटा थांबत नाही, पाणी लगेच आत येतं. बिनठिपक्यांचा साधा सुती मोजा तर कुऱ्हाड-कोयत्याच्या दांड्यावर घसरतो, तो धारेच्या कामाला नकोच.

तळहातावर सुरकुतलेल्या लेटेक्सचा थर असलेले, बांधकामावर दिसतात ते. ओल्या वस्तूवरही पकड पक्की राहते. दगड, विटा, ओला बांबू, ओलिताचे पाइप यांना चांगले. डिझेल, ग्रीस लागलं की लेटेक्स फुगून चिकट होतं, म्हणून ट्रॅक्टरच्या कामाला हे घालू नका.

नायट्राइलचा थर असलेले पातळ नायलॉनचे मोजे. तेला-ग्रीसला टिकतात, बोटांना नटबोल्ट कळतो. पंप-इंजिन दुरुस्तीला हेच घ्या. पाठीकडची बाजू उघडी विणलेली असते, त्यामुळे हे औषधासाठी नाहीत. कृषी केंद्रात काही वेळा फवारणीसाठी म्हणून हेच हातात ठेवतात. घेऊ नका.

कातडी मोजे. यात दोन जाती. कातड्याच्या वरच्या गुळगुळीत थराचे मऊ असतात, बोटं वळतात. आतल्या खरखरीत थराचे, म्हणजे स्प्लिट लेदरचे, जाड आणि स्वस्त असतात. वेल्डिंगवाले लांब मोजे बहुतेक याच कातड्याचे, साधारण १४ इंच लांबीचे असतात. काटेरी कामाला उत्तम, पण बारीक काम जमत नाही.

पूर्ण नायट्राइलचे किंवा पीव्हीसीचे लांब मोजे. औषध, चुना, मोरचूद यांसाठी.

धारविरोधी मोजे. यात उच्च क्षमतेचा पॉलिइथिलिन धागा किंवा अ‍ॅरामिडचा (एक भक्कम कृत्रिम) धागा असतो. सुरी घासून गेली तर बचाव होतो, टोक घुसलं तर होत नाही. विणकाम जाळीचं असल्यामुळे काटा मधल्या फटीतून सरळ आत जातो.

माप कसं घ्यायचं? बायकांच्या हाताला मोजे ढिलेच होतात.

उजव्या हाताची (डावखुऱ्यांनी डाव्या हाताची) बोटं जुळवून सरळ ठेवा. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळहाताभोवती शिंप्याची टेप गुंडाळा. जितके इंच भरतील तितकं माप. ७ इंच म्हणजे ७ नंबर, ८ म्हणजे ८. आठ नंबरला घेर सुमारे २०३ मिमी आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत लांबी सुमारे १८२ मिमी धरतात. नऊ नंबरला २२९ आणि १९२. माप दोन नंबरांच्या मधे आलं तर कातड्यात लहान घ्या, ते वापरून सैल होतं. रबरी मोज्यात मोठं घ्या.

गावच्या दुकानात बहुधा ९ किंवा १० नंबरच असतो, आणि तो 'फ्री साइज' म्हणून सगळ्यांना विकतात. निंदण, वेचणी, कापणी करणाऱ्या बायकांचे हात बहुतेक ६ ते ७ नंबरचे. बोटाच्या टोकाला अर्धा इंच रिकामा मोजा लोंबत असेल तर विळ्याची पकड सुटते आणि ते टोक कशात तरी अडकतं. मोठा मोजा वापरण्यापेक्षा दुकानदाराला ७ नंबरची डझनभर मागवायला सांगा, बचत गटाने एकत्र मागणी दिली तर तो आणतो.

घालून बघताना मूठ घट्ट आवळा. तळहातावर घड्या पडल्या तर मोजा मोठा. अंगठा आणि तर्जनीच्या मधली जागा ताणली तर लहान. याच जागेची शिवण सगळ्यात आधी उसवते.

मोज्यावर ढालीचं चित्र आणि खाली आकडे असतात, ते काय?

ढालीत हातोड्याचं चिन्ह आणि ईएन ३८८ असेल तर तो यांत्रिक इजेचा युरोपीय मानक. खालचे चार आकडे क्रमाने घर्षण, पात्याचा काप, फाटणं आणि टोचणं यांचे. कापाचा आकडा ५ पर्यंत जातो, बाकीचे ४ पर्यंत. २०१६ नंतरच्या मोज्यांवर पुढे इंग्रजी ए ते एफ यांपैकी एक अक्षर असतं, तेही कापाचंच, वेगळ्या यंत्रावर मोजलेलं. एफ सगळ्यात भक्कम. आकड्याच्या जागी एक्स म्हणजे ती चाचणी केलेलीच नाही.

टोचण्याच्या आकड्याने मात्र फसू नका. चाचणीची सळई खिळ्यासारखी जाड, गोलसर टोकाची असते. टोचण्याला ४ मिळालेला मोजा त्या सळईचा सुमारे १५० न्यूटन, म्हणजे १५ किलोभर जोर सोसतो, आणि तरी बाभळीचा किंवा लिंबाचा बारीक काटा त्यातून आरपार जातो. काट्यासाठी आकडा न बघता कातड्याची जाडी बघा.

चित्र आहे पण आकडे नाहीत, असा मोजा म्हणजे नुसतं चित्र.

धुऱ्यावरची (बांधावरची) बाभूळ, हिवर, बोर तोडायला आणि काटेरी तार ओढायला कोणता?

स्प्लिट लेदरचा, मनगटाच्या वर किमान चार इंच जाणारा. तळहाताला दुहेरी कातडं असलेला मिळाला तर तोच. आखूड मोज्यात मनगटाजवळ फट राहते आणि ओढलेली फांदी उलटून नेमकी तिथेच ओरबाडते. मोज्याचं तोंड बाहीच्या आत घाला, नाहीतर वरून पडणारे काटे मोज्यात साचतात.

जाड मोजा घातला तरी काटेरी फांदी मुठीत आवळू नका. दुबेळक्याच्या काठीने दाबा, कोयत्याने बुंध्याकडून तोडा आणि ओढताना जाड बुडखा धरा. बाभळीचा दोन-तीन इंची काटा सरळ दाबला गेला तर वेल्डिंगचा मोजाही पार करतो. तिरका लागला तर कातडं त्याला वळवून देतं, मोज्याचा फायदा तेवढाच.

तार ओढताना सुटलेलं टोक चाबकासारखं परत येतं. तार मोज्याच्या मुठीभोवती कधीच गुंडाळू नका, पकड किंवा ताणयंत्राने ओढा. काम झाल्यावर मोजे उलटे करून तपासा. मोडलेली टोकं कातड्यात अडकून बसतात आणि पुढच्या वेळी आतून टोचतात.

काटा आत मोडला तर चिमट्याने काढा, साबणाने धुवा आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवा. आठवत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

कुऱ्हाड, कोयता आणि सुरीच्या कामाला मोजे घालावेत का?

कुऱ्हाडीला पातळ, मापाचा, गुळगुळीत थराचा कातडी मोजा चालतो. जाड मोज्यात दांडा किती फिरला ते कळत नाही आणि पातं तिरकं पडतं. ओला, चिखलाचा मोजा काढून टाका, त्यापेक्षा कोरडा उघडा हात बरा.

सुरीने लाकूड तासताना, चमचा कोरताना वेगळा नियम. लाकूड धरणाऱ्या हातात धारविरोधी मोजा, सुरीच्या हातात काही नाही. इजा बहुतेक धरणाऱ्या हातालाच होते, आणि सुरीच्या हाताला लाकडाचा कल समजायला हवा. विळ्याने सोयाबीन, गहू कापतानाही तसंच: धाटं धरणाऱ्या हातात मोजा. सोयाबीनच्या वाळलेल्या शेंगांची टोकं दिवसभर टोचतात, तिथे लेटेक्सच्या थराचा मोजा दोन्ही कामं करतो.

बांबू फोडताना मात्र विणलेला मोजा नको. बांबूची सल जाळीतून आत शिरते आणि मोजा काढताना कातडीत मोडते. कातडीच घाला.

कापूस वेचताना कोणते वापरावेत?

बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं नखांच्या कडेला टोचतात, चिरा पडतात. पण पूर्ण मोजा घातला की हात मंदावतो, आणि वेचणीची मजुरी किलोवर असते. म्हणून पूर्ण मोज्याचा आग्रह आम्ही धरत नाही.

पांढऱ्या सुती, घट्ट बसणाऱ्या मोज्याची अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाची टोकं पहिल्या पेरापर्यंत कापा आणि कड दुमडून शिवा. न शिवता सोडली तर तासाभरात धागे सुटतात. नखांच्या कडेला दवाखान्यात मिळते ती कापडी चिकटपट्टी एक वेढा गुंडाळा. रंगीत, नायलॉनचे किंवा ठिपक्यांचे मोजे वेचणीला नकोत. त्यांचा धागा रुईत मिसळला तर जिनिंगमध्ये वेगळा होत नाही, सुतात आणि कापडात तो दिसतो, आणि अशा कापसाचा भाव पडतो.

पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटायला हे मोजे बाजूला ठेवा आणि कातडी घाला. हाताने ओढण्यापेक्षा चिमटा वापरला तर तळहातच नाही, कंबरही वाचते.

फवारणीला कोणते मोजे? साधे दवाखान्यातले पांढरे चालतील?

चालणार नाहीत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत फवारताना औषध अंगावर येतं, श्वासातून जातं आणि कातडीतूनही भिनतं. मोजा त्यातला एकच भाग सांभाळतो. पूर्ण बाह्या, मास्क, चष्मा आणि बूट लागतातच.

मोजा नायट्राइलचा, अस्तर नसलेला, किमान ०.३८ मिमी जाड आणि ३० सेमीपेक्षा लांब घ्या. दवाखान्यातला मोजा सुमारे ०.१ मिमीचा असतो, बाटलीचं झाकण पिळतानाच फाटतो. आत सुती अस्तर असलेला नको, कारण अस्तरात एकदा औषध मुरलं की ते धुऊन निघत नाही. कातडी किंवा सुती मोजा तर उघड्या हातापेक्षा वाईट: भिजतो आणि औषध दिवसभर हाताला बांधून ठेवतो.

सगळ्यात धोक्याची वेळ मिश्रणाची. पंपातल्या पाण्यात औषध पातळ झालेलं असतं, बाटलीत ते पूर्ण ताकदीचं असतं. म्हणून बूच उघडण्याआधी मोजे घाला. लेबलवर ईसी लिहिलेल्या औषधात द्रावक असतो, तो रबरातून पावडरीच्या औषधापेक्षा लवकर झिरपतो. बाटलीतलं औषध मोज्यावर सांडलं तर तसंच काम पुढे रेटू नका, तिथेच पाण्याने धुवा.

क्रम असा ठेवा:

१. नखं कापा, अंगठी काढा. मोज्यात पाणी भरून तोंड पिळून धरा आणि दाबा. बोटांच्या बेचक्यातून थेंब आला तर तो मोजा बाद.

२. कंबरेखालच्या पिकावर फवारणार असाल तर बाही मोज्याच्या वर घ्या. उंच पिकावर नोझल वर धरणार असाल तर मोजा बाहीच्या वर ओढा आणि त्याची कड इंचभर बाहेर दुमडा. हात वर असताना ओघळलेलं औषध त्या दुमडीत अडतं, कोपराकडे जात नाही.

३. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका आणि मोजा काढून नखाने कोरू नका. खिशात जुना टूथब्रश आणि एक जादा नोझल ठेवा.

४. खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू), तंबाखू, बिडी, पाणी, फोन यांसाठी मोज्याचा हात वापरू नका. खर्रा घोटणाऱ्या हाताला औषध लागलेलं असेल तर ते सरळ तोंडात जातं. आमच्या मते विदर्भातल्या फवारणीत सगळ्यात दुर्लक्षित धोका हाच.

५. काम संपल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवा. मग दोन्ही मोज्यांची बोटं थोडी थोडी ओढून सैल करा आणि एकाच वेळी उतरवा. एक मोजा पूर्ण काढून उघड्या हाताने दुसरा धरू नका. शेवटी हात पुन्हा साबणाने.

मोज्यावर 'औषध' असं पक्क्या शाईने लिहा. ते घरात, कपड्यांच्या धुण्यात किंवा गोठ्याच्या कामात येऊ देऊ नका. खूप घाम, तोंडाला लाळ, मळमळ, डोळ्यांसमोर अंधुक, बाहुल्या बारीक झाल्या तर काम थांबवा, कपडे काढून अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली लेबलसकट सोबत न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला लेबल लागतं.

संत्र्याच्या बगीच्यात बोर्डो मलम लावताना?

१ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण सगळ्यांना माहीत असतं, पण चुना हात खातो हे विसरलं जातं. भिजलेला चुना तीव्र अल्कली आहे, चिरा पडलेल्या हाताला जखमा करतो. पीव्हीसी किंवा नायट्राइलचा लांब मोजा आणि लांब दांड्याचा ब्रश वापरा. जंबेरी खुंटाचे फुटवे काढताना काटे लागतात, ते काम आधी कातडी मोज्याने उरकून घ्या. रबरी मोज्याला काट्याचं भोक पडलं की चुना आत जाऊन दिवसभर तिथेच राहतो.

मोजे घालूच नयेत असं काम कोणतं?

जिथे काहीतरी फिरतं आणि हात त्याच्या जवळ जातो ते प्रत्येक काम. कडबाकुट्टीत चारा लोटणं, मळणीयंत्राच्या तोंडाशी पेंढ्या देणं, ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट (मागचा यंत्र फिरवणारा दांडा), पट्टे-पुली, उभं ड्रिल. उघड्या बोटाला झटका बसला तर कातडी सोलते, हात मागे येतो. मोज्याचा धागा किंवा टोक रोलरमध्ये सापडलं तर यंत्र आख्खा हात ओढतं, आणि विणलेला मोजा फाटत नाही. ढिली बाही, ओढणी, पदर, हातातला धागा यांनाही हेच लागू. तोंडाशी चारा काठीने किंवा लाकडी लोटणीने सरकवा. तुंबलेलं काढायचं असेल तर आधी मोटर बंद, पात्याचं फिरणं पूर्ण थांबू द्या, मग मोजा घालून हात घाला. पात्याला धार असते, तेव्हा मात्र मोजा हवा.

चुलीवर, शेकोटीवर, रोडगे भाजताना?

कोरडा, जाड स्प्लिट लेदरचा. नायलॉन, पॉलिएस्टर, लेटेक्स, नायट्राइल यांपैकी काहीही आगीजवळ नको. ते वितळतं किंवा पेटतं आणि कातडीला चिकटतं, काढताना कातडी घेऊन येतं. ठिपक्यांच्या मोज्याचे ठिपकेही वितळतात.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यातले रोडगे उलटायला, तापलेला गंज (मोठं पातेलं) उतरवायला कातडी मोजा दोन-चार सेकंदांचाच अवकाश देतो. उचला, ठेवा, सोडा. ओला कातडी मोजा तर वापरूच नका: आतलं पाणी तापून वाफ होते आणि मोज्याच्या आतच हात भाजतो. मोठ्या गंजाला सांडशीच बरी. राखीव जंगलात आणि व्याघ्र प्रकल्पात विस्तव करायला मनाई आहे, तिथे हा प्रश्नच येऊ नये.

बिब्बा, खाजकुयली, गाजरगवत यांना कोणता मोजा?

गाजरगवत उपटायला कोणताही लांब, धुता येणारा मोजा. त्याच मोज्याने घाम पुसू नका, अंगावर चट्टे तिथूनच सुरू होतात. फुलं येण्याआधी उपटलं तर त्रास कमी.

खाजकुयलीचे केस विणलेल्या मोज्यात अडकून राहतात आणि आठवड्याने पुन्हा खाजवतात. गुळगुळीत रबरी मोजा घाला, काम झाल्यावर वाहत्या पाण्याखाली धुवा.

बिब्ब्याचं तेल सगळ्यात कठीण. गोडंबी (बिब्ब्याच्या आतली बी) काढणाऱ्या बायकांच्या हातांना फोड येतात ते त्यामुळेच. पातळ लेटेक्सवर भरवसा ठेवू नका. जाड नायट्राइल घाला, तेल उडालं की तो मोजा साबणाने धुवा, काळा डाग मुरलेला दिसला की टाकून द्या. फोडताना अडकित्ता किंवा चिमटा वापरून हात लांब ठेवणं मोज्यापेक्षा जास्त उपयोगी.

मोज्याने साप-विंचवापासून बचाव होतो का?

विंचवापासून बराचसा. सापापासून नाही. घोणसीचे दात लांब असतात, साध्या कातडी मोज्यातून जातात, आणि नाग-मण्यार मोजा सोडून मनगटाला चावू शकतात. कुटाराच्या (भुशाच्या) ढिगात, दगडांच्या रचलेल्या धुऱ्यात, पऱ्हाटीच्या गंजीत हात घालण्याआधी काठीने हलवा. साप धरायला मोजा हे साधन नव्हेच. दंश झाला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात हलवू न देता थेट सापाच्या लसीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

बाहेर टांगलेले मोजे घालण्याआधी आपटा. विंचू आणि गोम अशाच अंधाऱ्या, उबदार जागा शोधतात.

एप्रिल-मे मध्ये मोज्यात घामाने हात सोलतात.

४५ अंशांत रबरी मोजा तासाभरापेक्षा जास्त वेळ ठेवू नका. आत पातळ सुती मोजा घालता येतो, पण औषधाच्या कामात तो रोज टाकून नवा घ्या, मुरलेलं औषध धुऊन निघत नाही. काटेरी काम सकाळी दहाच्या आत आटपा. बोटांच्या बेचक्यात पांढरट, ओली कातडी दिसली तर दोन दिवस मोजे बंद आणि हात कोरडे. लेटेक्सने खाज, गांधी येत असतील तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, नायट्राइलवर या.

ओलिताच्या मोटरचा स्टार्टर दुरुस्त करायला रबरी मोजा पुरेसा आहे ना?

नाही. भांडी घासायचा, फवारणीचा, बांधकामाचा कोणताही मोजा विजेसाठी नाही. विजेचे मोजे वेगळे असतात, त्यांच्यावर व्होल्टेजचा वर्ग छापलेला असतो आणि भारतात त्यांना आयएस ४७७० हा मानक आहे. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी ते बाद. फ्यूज काढा, टेस्टरने तपासा, मग हात लावा. डीपीवर (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर) चढणं हे वीज कंपनीच्या माणसाचं काम.

मोजे किती दिवस टिकतात, आणि सांभाळायचे कसे?

कातडी मोजे भिजले तर सावलीत, बोटं खाली करून टांगा. चुलीवर किंवा टिनाच्या छपरावर वाळवले की पापडासारखे कडक होतात, मग वळताना तडकतात. वाळत आले असताना एकदा हातात घालून मूठ उघड-बंद करा. महिन्यातून एकदा थोडं खोबरेल चोळा, चमचाभर पुरतं. जवसाचं तेल नको, ते वाळून कातडं ताठर करतं. तेलकट मोजा उंदीर कुरतडतात, झाकणाच्या डब्यात ठेवा.

रबरी मोजे उन्हात ठेवू नका. चिकट झाला, रंग बदलला, ताणल्यावर बारीक भेगा दिसल्या की संपला. फवारणीचा मोजा भोक नसलं तरी हंगामानंतर बदला, आणि टाकताना कात्रीने बोटं कापून टाका. नाहीतर तो कुणीतरी उचलून धुतो आणि भांड्यांना वापरतो.

कातडी मोज्याची आधी तर्जनी आणि अंगठा झिजतात. तिथे जुन्या मोज्याच्या कातड्याचा तुकडा मेणलावल्या दोऱ्याने शिवता येतो, गावातला चांभार सहज करून देतो. डावा-उजवा सारखा झिजत नाही, त्यामुळे एकाच मापाच्या दोन जोड्या घेतल्या तर फाटलेल्या मोज्याच्या जागी दुसऱ्या जोडीतला त्याच हाताचा मोजा वापरता येतो.